पुळणीवरची चिंगी घरात आली आणि पाऊस सुरू झाला: शू-शीच्या सवयीची एक पूर्ण केस

चिंगी म्हणजे पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, वाढलेली देशी कुत्री, वय अंदाजे दीड वर्ष. देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात २०२५च्या मे महिन्याच्या सुरुवातीला एका कुटुंबाने तिला कायमची घरात घेतली. आम्ही काही जण तालुक्यात अशा कुत्र्यांना घरं बघून देतो आणि नंतर काही महिने त्या घरांच्या संपर्कात राहतो, म्हणून ही केस पहिल्यापासून माझ्या डोळ्यासमोर घडली. सगळं सविस्तर लिहितेय कारण जून-जुलैत "कुत्रं परत घेऊन जा" म्हणून जे फोन येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतं, घरात घाण करते, आता काय करू. आणि नेटवर जे सल्ले मिळतात ते कोरड्या हवेतल्या, फ्लॅटमधल्या कुत्र्यांसाठी लिहिलेले, इथे चार-चार दिवस झड लागलेली असताना "दर दोन तासांनी बाहेर न्या" वाचून माणसाने करायचं काय?

घर आपल्याकडे असतं तसंच. पुढे खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि त्यामागे माडांचं आगर. घरात आजी, दादा, वहिनी आणि नववीतला मुलगा. चिंगीला आणायचा हट्ट मुलाचा, सांभाळायची जबाबदारी अर्थात वहिनींवर आली. चिंगी आधी पुळणीवर खाण्याच्या टपऱ्यांच्या आसपास असायची, पर्यटकांचा सीझन संपत आला की टपऱ्या आवरतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे तिथल्या कुत्र्यांचं खाणंही जवळपास बंद, त्यामुळे मे महिन्यात तिला घर मिळालं हे चांगलंच झालं.

पहिले काही दिवस इतके सोपे गेले की वहिनी म्हणायच्या हिला कोणीतरी आधीच शिकवलेलं दिसतंय. मुलगा सकाळ-संध्याकाळ दोरीने पुळणीवर न्यायचा, ती तिथे पोचली रे पोचली की मोकळी व्हायची, घरात एक थेंब नाही. त्या वर्षी मान्सून लवकर आला, २५ मे लाच देवगडपर्यंत पोचला, आणि त्याच्या आधीपासूनच पाऊस कोसळत होता. दर्याला उधाण, लाटा सुरूच्या झाडांपर्यंत, पुळणीवर जाणं बंद झालं. आणि चिंगीने पडवीत करायला सुरुवात केली. आधी शू, मग दोन्ही. खळ्यात नेलं तर पडवीच्या टोकापर्यंत यायची, पत्र्यावरून पडणाऱ्या पाण्याकडे बघायची आणि मागे फिरायची, छत्री घेऊन ओढत नेलं तर पावसात उभी राहून नुसती कापायची, काही करायची नाही, आणि आत आली की पाच मिनिटांत कोपऱ्यात.

घरच्यांनी जे सगळे करतात ते केलं. ओरडले, एकदा दादांनी मान धरून तोंड शूजवळ नेलं, रोज दोन वेळा फिनाईलने पडवी पुसली. परिणाम असा झाला की चिंगी माणसांसमोर करेनाशी झाली आणि कोणी बघत नाही तेव्हा सोडणांच्या, म्हणजे नारळाच्या सोललेल्या सालांच्या, ढिगामागे जाऊन करायला लागली. हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी गाडी अडते. कुत्र्याला मागच्या पंधरा मिनिटांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या ओरडण्याचा संबंध लागत नाही, आणि करताना पकडून ओरडलं तरी ते "इथे करायचं नाही" असं शिकत नाही, "ह्या माणसासमोर करायचं नाही" असं शिकतं. मग तोच माणूस त्याला पावसात बाहेर घेऊन उभा राहतो आणि विचारतो, करत का नाहीस. कशी करेल?

आजींचं म्हणणं सरळ होतं, "ती घरात मुतता, तिका भायर बांधा." आजींवर मला अजिबात राग नाही, घरात देवघर आहे, सोवळंओवळं आहे, आणि ओली पडवी पुसून पुसून वहिनींचे हाल होताना त्या बघत होत्या. पण आपल्याकडे रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं वाढलेलं ताट आहे. काजूच्या बागा, बांबूची बेटं घराला लागून असतात, गावात वाघ (आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात) फिरतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. हे मी आजींना सांगितलं आणि त्यांना ते लगेच पटलं, कारण शेजारच्या वाडीतली गोष्ट त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होती.

माझ्याकडे फोन आला तो ह्या टप्प्यावर. मी पहिलं सांगितलं ते डॉक्टरांकडे नेऊन लघवी तपासा. मोठं कुत्रं अचानक घरात करायला लागलं की आधी आजार बाजूला काढायचा, मग सवयीबद्दल बोलायचं. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा लघवी, करताना कळ, रक्ताचा अंश, ही मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनची लक्षणं, त्याला औषधच लागतं, कितीही ट्रेनिंग दिलं तरी उपयोग नाही. ऑपरेशन न झालेली मादी माजावर येताना जास्त वेळा लघवी करते, तेही बघायला हवं होतं. चिंगीचं तसं काही निघालं नाही. त्याच खेपेत तिचे जंताचे औषध झाले, रेबीजची लस झाली आणि लेप्टोचं, म्हणजे लघवीने दूषित पाण्या-चिखलातून लागणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस ह्या आजाराचं, संरक्षण असलेल्या लशीचा पहिला डोस झाला. लेप्टोबद्दल कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण उंदरांसारखंच लागण झालेल्या कुत्र्याच्या लघवीतूनही तो पसरू शकतो, म्हणून घरात शू होत असताना ही लस आणि साफ करताना हातात रबरी मोजे, पायाला भेगा असतील तर चपला, ह्यात हयगय करायची नाही.

मग वहिनींना मी एकच काम दिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं, कधी केलं, कुठे केलं, त्याआधी काय चाललं होतं. बाकी काही बदलू नका, ओरडणं तेवढं बंद. आठवडाभराने मी घरी गेले तेव्हा ते कॅलेंडर वाचूनच निम्मा उलगडा झाला. माजघरातल्या लादीवर एकदाही नाही. ओटीवर नाही. पडवीतही सगळीकडे नाही, फक्त दोन ठिकाणी: एक, घराचं काम झाल्यावर उरलेली वाळूची पोती होती त्या कोपऱ्यात, एक पोतं फाटून वाळू सांडलेली, बाजूला सोडणं आणि चुडतं म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या रचलेली, आणि दोन, दाराशी पाय पुसायला टाकलेलं गोणपाट. ह्याशिवाय रोज संध्याकाळी दादा कामावरून आले की त्यांच्या पायाशी छोटंसं थारोळं. आणि रात्री तीन-चारच्या सुमारास भरपूर शू.

म्हणजे घरच्यांना जी एक कटकट वाटत होती त्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि तिन्हींवर उपाय वेगळा.

सगळ्यात मोठी गोष्ट पायाखालच्या जमिनीची. कुत्र्याची पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतात, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत पायाखाली जे असतं, माती, गवत, सिमेंट, वाळू, तेच त्यांच्या डोक्यात "इथे करायचं" म्हणून बसतं. चिंगी जन्मापासून कोरड्या वाळूवर. तिला घर आणि बाहेर हा फरक कोणी शिकवलेलाच नव्हता, तिला ठाऊक होती ती फक्त वाळू. मे महिन्यात वाळू पुळणीवर मिळत होती म्हणून ती शहाणी दिसली. पाऊस आला, पुळण गेली, खळ्यात शेवाळ धरलेला निसरडा जांभा, आगरात चिखल, आणि अख्ख्या घरात पायाला ओळखीचं लागेल असं एकच ठिकाण उरलं, पडवीतला पोत्यांचा कोपरा. तिथे ती घाण करत नव्हती, ती तिच्या परीने अगदी बरोबर जागा शोधून बसत होती! हे एकदा लक्षात आलं की मारायला हात उचलत नाही.

म्हणून मी म्हटलं तिच्याशी भांडू नका, वाळूच द्या, फक्त पडवीच्या बाहेर द्या. न्हाणीच्या अंगाला लाकडं ठेवायला पुढे काढलेला पत्रा होता, लाकडं एका बाजूला सरकवून तिथे मुलाने तीन बाजूंना चिरे लावले, खाली पाणी निचरायला खडी, वर पडवीतली तीच वाळू. चौथी बाजू उघडी, म्हणजे तिला चढावं लागू नये. शू लागलेल्या वाळूतली दोन-तीन ओंजळी त्यात मुद्दाम मिसळली, वासाने तिला कळावं म्हणून. वाट मात्र मी बघून ठेवली होती, पडवीतून तिकडे जायचं तर मध्ये पत्र्याच्या कडेची पाण्याची धार ओलांडावी लागायची आणि चिंगी नेमकी त्याच धारेला घाबरून मागे फिरायची. दादांनी तिथे पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ लावली, धार बाजूला गेली. माझ्या मते ह्या केसमधलं सगळ्यात उपयोगी काम ती पन्हळ होती. पावसाला घाबरणारं कुत्रं म्हणतात त्यातली अर्धी कुत्री अंगावर पडणाऱ्या त्या एका धारेला आणि पत्र्यावरच्या आवाजाला घाबरत असतात, वाट कोरडी मिळाली की निघतात.

पडवीतली पोती, सोडणं, चुडतं सगळं मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, हलवलं. गोणपाटाच्या जागी रबरी पायपुसणं. आणि त्या कोपऱ्यातच तिचं अंथरूण आणि जेवणाचं ताट ठेवलं, कारण कुत्रं जिथे झोपतं, खातं तिथे शक्यतो करत नाही.

साफसफाईचं जरा लांबवून सांगते. पडवीत कोबा म्हणजे घोटलेली सिमेंटची जमीन होती, तो लघवी शोषतो, आणि फिनाईल नुसता वरून दुसरा वास चढवतं. आपल्याला स्वच्छ वाटतं, कुत्र्याच्या नाकाला खालचा वास तसाच लागतो, शिवाय फिनाईल ओलं असताना पायाला लागून चाटलं तर पोटात जातं ते वेगळंच. आधी जुन्या कापडाने सगळं टिपून घ्यायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं, मग एन्झाइमवालं क्लीनर, प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, ते ओतून बाटलीवर लिहिलंय तितका वेळ भिजू द्यायचं, घाईने पुसायचं नाही, एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. ते नसेल तर एन्झाइम असलेली कपड्याची पावडर कोमट पाण्यात. लेप्टोच्या भीतीने लोक ब्लीचिंग पावडर टाकतात, टाका, पण लघवी पाण्याने पूर्ण धुवून झाल्यावर, ताज्या लघवीवर टाकली तर घशाला, डोळ्यांना त्रास देणारा वायू निघतो आणि बंद पडवीत तो चांगलाच लागतो. सारवलेली जमीन असेल तर धुण्यात अर्थ नाही, तेवढा भाग खरवडून काढायचा आणि पुन्हा सारवायचा.

आता टाइमटेबल. उठल्या उठल्या, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, झोपून उठली की, खेळून झालं की, आणि रात्री झोपायच्या आधी, ह्या वेळांना दोरी लावून वाळूवर. पोट भरलं की आतड्यांना चालना मिळते, म्हणून जेवणानंतरची वेळ चुकवायची नाही. तिथे गेल्यावर गप्पा नाहीत, खेळ नाही, वहिनी फक्त "चल शू" म्हणायच्या आणि उभ्या राहायच्या. केलं की त्याच क्षणी, तिथेच, उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आत येऊन दिला तर कुत्र्याला वाटतं आत यायचं बक्षीस मिळालं, म्हणून अंड्याचा डबा चिऱ्यावरच ठेवलेला असायचा. नाही केलं तर आत आणायची पण मोकळी सोडायची नाही, दोरी वहिनींच्या कमरेला किंवा ओटीच्या खांबाला, नजरेसमोर, आणि थोड्या वेळाने परत वाळूवर. लोक इथेच कंटाळतात, मला माहितेय, जेवण करताना, भाकऱ्या थापताना कमरेला कुत्रं बांधून फिरायचं सोपं नाही, पण दोन-तीन आठवडे हे नीट केलं तर मोठ्या कुत्र्याचं काम होतं. मोठं निरोगी कुत्रं सहा-आठ तास धरू शकतं, पिल्लाला ते जमत नाही, त्याचं ढोबळ गणित महिन्यांचं वय अधिक एक, इतकेच तास, म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाकडून चार तासांपेक्षा जास्त अपेक्षा करू नये.

रात्रीच्या शूचं कारण स्वयंपाकघरात सापडलं. पावसात ताजी मासळी नाही, घरात सुकट आणि खारा बांगडा, आणि आजी प्रेमाने चिंगीच्या भातात खाऱ्याची डोकी कुस्करून घालायच्या. "खारो नसलो तर ती जेवणा नाय," असं त्या म्हणाल्या आणि ते खरंही होतं, चवीला सोकावली होती. पण एवढं मीठ पोटात गेल्यावर ती रात्री भांडंभर पाणी प्यायची आणि ते पहाटे तीनला बाहेर येणारच. काही घरात अशा वेळी रात्री पाणीच काढून घेतात, तसं करू नका, तहान लागलेली असताना पाणी तोडणं चूक आहे, मीठ तोडा. भातात अंडं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, दोन ठरलेल्या वेळा, मधे काही नाही. दोन दिवस तिने नुसता वास घेऊन ताट सोडलं, तिसऱ्या दिवशी जेवली. आजींनी शब्द पाळला ह्याचं मला फार कौतुक वाटतं, कारण ज्या हाताने खाऊ घालायची सवय असते तो हात आवरणं अवघड असतं. रात्रीची शू त्यानंतर जवळजवळ लगेच थांबली.

दादांच्या पायाशी होणारं थारोळं ही सवयीची गोष्टच नव्हती. दादा भिजलेला रेनकोट घालून, हातात छत्री, मोठ्या आवाजात "चिंगेऽऽ" करत आत यायचे, ती कान मागे टाकून, शेपूट पोटात घालून जमिनीला चिकटायची आणि शू सुटायची. ही भीतीची, नमतं घेण्याची शू, तिच्या हातात नसते. ह्यावर ओरडलं तर वाढते, कारण कुत्रं आणखी नमतं घेतं. दादांना सांगितलं, रेनकोट-छत्री पडवीत काढून ठेवा, तिच्याकडे बघू नका, वाकू नका, जाऊन खुर्चीत आडवं तोंड करून बसा आणि ती स्वतःहून आली की छातीला खाजवा, डोक्यावरून हात नको. दादांना वाईट वाटलं, मान धरली होती ना त्यांनी, त्यामुळे त्यांनी हे सगळ्यात मनापासून केलं. जुलै संपेपर्यंत ती त्यांची वाट बघत पडवीत बसायला लागली.

वाळूच्या जागेची एक काळजी मात्र कायम घ्यावी लागते. ओलसर, उबदार वाळूत कुत्र्याच्या शीतून आलेल्या हुकवर्मच्या अळ्या जगतात आणि अनवाणी माणसाच्या कातडीतून आत शिरू शकतात, पायावर नागमोडी खाजरी रेघ उठते ती त्याचीच. म्हणून शी रोजच्या रोज उचलायची, आगरात लांब खड्ड्यात पुरायची, लाल भाजीच्या वाफ्यात खत म्हणून अजिबात नाही, वरची वाळू अधूनमधून बदलायची, तिथे चपला घालूनच जायचं आणि कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध.

गणपतीत, २७ ऑगस्टला चतुर्थी होती, सगळं पुन्हा विसकटलं. मुंबईहून चाकरमानी आले, घर भरलं, फटाके, रात्री भजनं, चिंगीच्या फेऱ्यांच्या वेळा कोणाच्या लक्षात राहणार. एका पाहुण्यांच्या कापडी बॅगेवर झाली एकदा, आणि पडवीत एकदा. वहिनींचा रडवेला फोन आला की सगळं पाण्यात गेलं. गेलं नव्हतं. घरात गडबड, अनोळखी माणसं, मोठे आवाज असले की शिकलेलं कुत्रंही घसरतं. विसर्जन होईपर्यंत तिला मागच्या खोलीत मुलासोबत ठेवली, वेळा पहिल्या आठवड्यासारख्या काटेकोर केल्या, पाहुणे गेल्यावर ती आपोआप रुळावर आली.

पाऊस ओसरल्यावर वाळूपासून मातीकडे वळवायचं काम राहिलं होतं, आणि ते घाईने केलं नाही. वाळूत थोडी थोडी लाल माती मिसळत गेले, मग मुलाने तसाच छोटा ढीग आगरात पहिल्या माडाखाली केला, तिथे केलं की अंड्याचा मोठा तुकडा, वाळूवर केलं की छोटा. हळूहळू ती माडाखालीच जायला लागली. आता दाराशी येऊन वहिनींकडे बघते, कोणी उठलं नाही तर पंजाने दार खाजवते. घरात होत नाही.

पत्र्याखालची चिऱ्यांची जागा आम्ही मोडलेली नाही आणि मोडू नका म्हणून मी बजावून सांगितलंय, कारण आगरात पुन्हा चिखल होणार आणि चिंगी पुन्हा कोरडं शोधणार. मे संपायच्या आधी खडी धुवून नवी वाळू भरायची आणि पहिल्या पावसाच्या आधीच काही दिवस तिला तिकडे न्यायला सुरुवात करायची, पाऊस आल्यावर नाही. दुसरं राहिलेलं काम नसबंदीचं, ते डॉक्टरांनी तारीख दिली की होईल. त्यानंतर कधी ती झोपेतून उठल्यावर अंथरूण ओलं दिसलं, म्हणजे झोपेतच गळालेलं, तर त्याला घाण करणं समजू नका, ऑपरेशननंतर काही माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो आणि त्यावर औषध आहे, तिला पुन्हा वाळूवर नेऊन शिकवत बसायची गरज नाही, सरळ डॉक्टरांकडे न्यायचं.